जर्मनीत गाडीला टायर कोणते घ्यायचे: समर, विंटर की ऑल-सीझन?

जर्मनीत पहिली गाडी घेतली की सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. पुण्या-नाशकात टायर गोटा झाला की बदलायचा, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. ऋतूप्रमाणे टायर बदलायचे, हेच मुळात नवीन. किमती बघत बसण्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर स्वतःला द्या: बर्फ पडलेल्या सकाळी गाडी घरी ठेवून बस-ट्रामने कामावर जाता येईल का? पुढचं बहुतेक सगळं या उत्तरावर ठरतं.

कायदा काय मागतो

जर्मनीत विंटर टायरची सक्ती तारखेवर नाही, रस्त्याच्या स्थितीवर आहे. रस्त्यावर बर्फ असेल, बर्फाचा चिखल झाला असेल, पाणी किंवा दव गोठून निसरडं झालं असेल, तर हिवाळ्यासाठी मान्य टायर नसलेली गाडी चालवायची नाही. उभ्या गाडीला हा नियम लागत नाही. पकडलं गेलं तर चालवणाऱ्याला ६० युरो दंड आणि वाहतूक-गुन्ह्यांच्या नोंदीत एक पॉइंट. त्यामुळे वाहतूक अडली तर ८० युरो, अपघात झाला तर १२०. गाडी तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही ती मित्राला चालवायला दिली असेल, तर तुम्हालाही ७५ युरो आणि एक पॉइंट लागू शकतो. ‘ऑक्टोबर ते ईस्टर विंटर टायर’ हे लोकांनी लक्षात ठेवायला केलेलं सूत्र आहे. पाळायला चांगलं, पण कायद्यात ते नाही.

मान्य टायर ओळखायची खूण एकच: टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाची चांदणी. नुसतं ‘एम प्लस एस’ (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेला टायर १ ऑक्टोबर २०२४ पासून विंटर टायर म्हणून धरला जात नाही. जुनी गाडी घेताना नेमकी इथेच फसगत होते. विकणारा म्हणतो ‘ऑल-सीझन आहेत’, टायरवर एम प्लस एस दिसतंही, डोंगर मात्र नसतो. वाकून चारही टायर स्वतः बघा.

ऑस्ट्रियात जाणार असाल तर तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर विंटर टायर लागतात आणि त्यांच्या नक्षीची, म्हणजे टायरवरच्या खाचांची, खोली किमान ४ मिलिमीटर हवी. जर्मनीत कायद्याची मर्यादा सगळ्या टायरना १.६ मिलिमीटर आहे. म्हणजे म्युनिकमध्ये चालणारा टायर साल्झबुर्गला बेकायदा ठरू शकतो.

तिन्हींत फरक कशाचा

फरक दोन गोष्टींचा, रबराचा आणि नक्षीचा. समर टायरचं रबर उन्हात तापलेल्या रस्त्यावरही घट्ट राहतं, म्हणून ब्रेक आणि वळणं नेमकी लागतात. तेच रबर थंडीत ताठरतं आणि रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागाला धरून बसत नाही. विंटर टायरचं रबर गोठणबिंदूखालीही लवचिक राहतं.

विंटर टायरची नक्षी जवळून बघण्यासारखी असते. खाचांमधल्या प्रत्येक रबरी ठोकळ्यावर बारीक नागमोडी चिरा असतात आणि अंगठ्याने ठोकळा ढकलला की त्या उघडताना दिसतात. गाडी पुढे जाते तेव्हा या चिरांच्या कडा बर्फात रुततात आणि रुंद खाचांत बर्फ दाबून बसतो. बर्फावर सगळ्यात चांगली पकड बर्फाचीच असते, त्यामुळे खाचांतला हा भरलेला बर्फच गाडीला धरून ठेवतो. समर टायरच्या सरळ खाचांत असं काही होत नाही. तो बर्फावरून सरकत राहतो आणि थांबायला ढोबळमानाने दुप्पट अंतर घेतो.

‘तापमान ७ अंशांखाली गेलं की विंटर’ हा अंगठेनियम आहे, काटेकोर सीमारेषा नाही. कोरड्या रस्त्यावर ५ अंशांतही चांगला समर टायर व्यवस्थित थांबतो. मात्र रात्री पाऊस पडून पहाटे रस्ता गोठला, तर तो फरक टायर बदलायला वेळ न देता एका रात्रीत समोर येतो. ७ अंशांचा उपयोग वेळेवर जागं होण्यासाठी करा.

ऑल-सीझन ही दोन्हींमधली तडजोड. डोंगर-चांदणीचं चिन्ह असलेला ऑल-सीझन टायर कायद्याने विंटर टायरच आहे, पण दाट बर्फात तो चांगल्या विंटरच्या मागे राहतो आणि जुलैच्या तापलेल्या ऑटोबानवर (जर्मन महामार्गावर) चांगल्या समरच्या मागे. उन्हाळ्यात तो झिजतोही लवकर.

कुणी काय घ्यावं

राइन नदीकाठच्या सखल भागात, म्हणजे कोलोन, ड्युसेलडॉर्फ, माइन्त्स अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी, गाडी लहान किंवा मध्यम असेल, वर्षाला १०,००० किलोमीटरच्या आत चालत असेल आणि बर्फाच्या दिवशी ती घरी राहू शकत असेल, तर निःशंक ऑल-सीझन घ्यावेत. वर्षातून दोनदा गॅरेजची अपॉइंटमेंट शोधायला नको आणि तळघरात चार चाकं ठेवायलाही नकोत.

आल्गॉय, ब्लॅक फॉरेस्ट, एर्झगेबिर्गे किंवा आल्प्सच्या पायथ्याशी राहत असाल, पहाटेच्या पाळीला गाडीनेच जावं लागत असेल, किंवा दर हिवाळ्यात मुलांना घेऊन डोंगरात स्कीइंगला जात असाल, तर दोन वेगळे संच घ्या. जड इलेक्ट्रिक गाडी आणि रोज लांबचा ऑटोबान असेल तरीही दोनच संच.

‘ऑल-सीझनमध्ये निम्मे पैसे वाचतात’ हा हिशेब चुकीचा आहे. दोन संच असले की प्रत्येक संच अर्धंच वर्ष झिजतो, म्हणजे टायरचा खर्च लांबतो, दुप्पट होत नाही. खरा जास्तीचा खर्च दुसऱ्या रिमचा, वर्षातून दोनदा चाकं बदलण्याचा आणि ती ठेवण्याचा.

दोन चाकांना विंटर आणि दोनांना समर, असं मात्र कधीही करू नका. पुढच्या चाकांना पकड आहे आणि मागच्यांना नाही अशी गाडी वळणावर ब्रेक लावताच मागून फिरते आणि ती सावरणं कठीण जातं.

विकत घेताना

साइझ गाडीच्या नोंदणीच्या कागदावर १५.१ आणि १५.२ या रकान्यांत असते. उदाहरणार्थ २०५/५५ आर १६ ९१ एच: रुंदी २०५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची, ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. भाराचा आकडा कमी चालत नाही. डोंगर-चांदणीवाल्या टायरला वेगाचं अक्षर गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असलेलं चालतं, पण मग टायरच्या मर्यादेचं स्टिकर चालकाच्या नजरेसमोर लावावं लागतं.

टायरचं वय त्याच्या बाजूवरच्या ‘डॉट’ (DOT) अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत असतं. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. वापरलेला विंटर टायर सहा वर्षांहून जुना असेल तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, सोडून द्या. रबर कडक झालेलं असतं आणि तुम्ही पैसे त्या मऊपणाचेच देत असता.

युरोपीय लेबलवर ओल्या रस्त्यावरची पकड ए ते ई अशी दिलेली असते. ती आधी बघा, इंधनाचं अक्षर नंतर. लेबलवर बर्फाच्या सुळक्याचं चिन्ह असेल तर थांबा. ते टायर स्वीडन-फिनलंडच्या गोठलेल्या रस्त्यांसाठी असतात आणि मध्य जर्मनीच्या ओल्या ऑटोबानवर जास्त अंतर घेऊन थांबतात.

नक्षी मोजायला नाणं पुरतं. १ युरोच्या नाण्याची सोनेरी कड ३ मिलिमीटर असते, २ युरोच्या नाण्याची चंदेरी कड ४. समर टायरच्या खाचेत १ युरो उभं धरा, विंटर आणि ऑल-सीझनमध्ये २ युरो. कड बाहेर दिसली की नवे टायर घ्यायची वेळ झाली.

बदलताना

गॅरेजवाल्याशी बोलताना दोन शब्द नीट वापरा. ‘रेडरवेक्सेल’ म्हणजे रिमसकट चाक बदलणं, ‘रायफेनवेक्सेल’ म्हणजे जुन्या रिमवरून टायर उतरवून नवा चढवणं. दुसरं काम पुष्कळ महाग, कारण त्यात बॅलन्सिंगही येतं. त्यामुळे दुसऱ्या रिमचे पैसे काही वर्षांत वसूल होतात. अपॉइंटमेंट सप्टेंबरमध्येच घ्या. पहिला बर्फ पडल्यावर फोन केलात तर आठवडे थांबावं लागतं.

घरी बदलत असाल तर सपाट जागा, हँडब्रेक, आणि बोल्ट गाडी उचलण्याआधी थोडे सैल. उतरवलेल्या चाकावर खडूने जागा लिहा: पुढचं डावं, मागचं उजवं. चाक बसतं ती जागा तारेच्या ब्रशने घासा. तिथे गंज राहिला की चाक किंचित तिरकं बसतं आणि ताशी १०० ला स्टिअरिंग थरथरतं. टायरच्या बाजूवरचा बाण पुढे फिरणाऱ्या दिशेलाच हवा.

बोल्ट हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. लोखंडी रिम आणि अलॉय रिमचे बोल्ट पुष्कळ गाड्यांत वेगळ्या लांबीचे आणि डोक्याखाली वेगळ्या आकाराचे असतात. आखूड बोल्ट पुरेसा धरत नाही, लांब बोल्ट आत ब्रेकच्या भागांना घासू शकतो. रिमबरोबर जे आले असतील तेच लावा. ते समोरासमोर, आलटून पालटून आवळा आणि शेवटी टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेतला आकडा गाठा. बहुतेक कारना तो ११० ते १४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. पायाने उडी मारून आवळू नका, त्याने बोल्ट ताणला जातो.

नोव्हेंबर २०१४ पासून नोंदलेल्या नव्या गाड्यांना हवेचा दाब तपासणारी यंत्रणा असते. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि तो दुसऱ्या संचातही लागतो. काहींत मेन्यूतून फक्त रीसेट करायचं असतं. टायर घ्यायच्या आधीच आपल्या गाडीत काय आहे ते पाहा, नाहीतर हिवाळाभर डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळतो.

हवा चाकं थंड असताना भरा. तापमान १० अंशांनी उतरलं की दाब साधारण ०.१ बारने कमी होतो, म्हणजे ऑक्टोबरमध्ये नीट भरलेली हवा जानेवारीत कमी पडते. आणि चाकं बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की टॉर्क पाना घेऊन सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.