पाळीव प्राण्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ शोधताना

कुत्र्याला किंवा मांजराला झटके येऊ लागले, मान एका बाजूला कलली किंवा चाल लटपटू लागली, तर तज्ज्ञाचा शोध नेहमीच्या पशुवैद्यापासूनच सुरू करावा, कारण रक्तातील साखर कमी होण्यासारखी किंवा यकृताच्या विकारासारखी मेंदूबाहेरची कारणे साध्या रक्ततपासणीतही बहुधा लक्षात येतात. त्यांच्याकडून सर्व अहवाल, चालू औषधांच्या मात्रा आणि तज्ज्ञासाठी चिठ्ठी घ्यावी.

माझ्या मते सर्वांत मोलाचा पुरावा मालकाच्या मोबाइलमध्ये असतो. झटका आल्यावर प्राण्याच्या तोंडात हात न घालता, आसपासच्या टणक वस्तू बाजूला करून व्हिडिओ घ्यावा आणि वेळ मोजावी. पाय ताठ होऊन वल्ही मारल्यासारखे हलतात का, लाळ गळते का, नंतर प्राणी किती वेळ गोंधळलेला राहतो, या तपशिलांवरून अपस्मार आणि हृदयविकारामुळे येणारी भोवळ यांत फरक करणे तज्ज्ञाला सोपे जाते.

दवाखाना निवडताना डॉक्टरांचे या शाखेतील विशेष प्रशिक्षण, एमआरआयची सोय आणि मणक्याची शस्त्रक्रिया तिथेच होते का, हे फोनवरच विचारावे. एमआरआयसाठी प्राण्याला पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून भुलेदरम्यान देखरेख कोण करते, हेही निःसंकोच विचारावे. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही अवश्य चौकशी करावी.

मात्र झटका 5 मिनिटांहून अधिक चालला, 24 तासांत एकाहून अधिक झटके आले किंवा मागचे पाय अचानक लुळे पडले, तर तज्ज्ञाच्या वेळेची वाट न पाहता जवळच्या उघड्या पशुरुग्णालयात तत्काळ न्यावे.