ऊट आतेन्री? लेकरू गेल्यावर दिवस कसे काढायचे

आमचा थोरला पीयूसी सेकंडला, म्हणजे बारावीला असताना गेला, बाइकवरून, जूनमध्ये, पाऊस नुकताच लागला होता. पाच वर्षं झाली. आम्ही बेळगावात, अनगोळात राहतो. ज्यांच्या घरात हे आत्ता आत्ता झालंय त्यांच्यासाठी लिहितेय, कशानं दिवस निघतो आणि कशानं अजून खोल जातो एवढंच सांगायचंय, बाकी शहाणपण सांगायला गल्लीत माणसं कमी नाहीत.

सुरुवातीचे महिनाभर मोठं काही ठरवू नका. घर बदलायचं, त्याची खोली रिकामी करायची, सगळं नंतर. आणि कपडे कुणाला धुवू देऊ नका. माझ्या नणंदेनं चांगल्या मनानंच त्याचे सगळे शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात रचले, वास गेला त्याचा, मी तिच्याशी सहा महिने धड बोलले नाही. एक शर्ट मात्र दाराच्या मागं लटकलेला राहिला होता म्हणून वाचला, तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलाय. तुम्ही पहिल्याच दिवशी ठेवा.

जेवण. भूक लागतच नाही, खरं खायचं. आमच्या शेजारच्या कन्नड अक्का, त्यांना मराठी मोडकं येतं, मला कन्नड मोडकं, त्या रोज दुपारी गेटवर यायच्या आणि एवढंच विचारायच्या, ऊट आतेन्री? जेवण झालं काय, बस. नाही म्हटलं की डबा द्यायच्या आणि जायच्या. देवाची मर्जी नाही, नशीब नाही, काही नाही. तेरा दिवसांत घरात शंभर माणसं येऊन गेली असतील, त्यातलं मला आठवतंय ते हेच. घरात असं एक माणूस शोधा जे प्रवचन देत नाही, आणि त्यालाच जवळ बसवा.

कागदपत्रं घरातल्या एका थंड डोक्याच्या माणसाकडे द्या, भाऊ, दीर, कुणीही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, उशीर झाला की फी आणि फेऱ्या वाढतात. आपल्याकडे अजून एक भानगड, नाव मराठी, दाखला कन्नड-इंग्लिशमध्ये, तेव्हा आधार आणि एसएसएलसी (दहावीच्या) मार्क्स कार्डावरचं स्पेलिंग सोबत घेऊन जा आणि सही करायच्या आधी अक्षर अन् अक्षर बघा. आमचं एक अक्षर चुकलं आणि नवऱ्याला त्याच खिडकीवर तीनदा जाऊन तेच सगळं परत सांगावं लागलं, ते फार वाईट होतं. मोबाईल नंबर बंद करायची घाई नको, आधी फोटो आणि व्हॉइस नोट दोन ठिकाणी सेव्ह करा. "मम्मी मी उशिरा येतो, चावी ठेव" ही सात सेकंदांची नोट माझ्याकडे आहे.

व्हॉट्सअॅपवर कुणीतरी दुःखाच्या पाच पायऱ्या नक्की पाठवेल. आधी नाकारणं, मग राग, शेवटी स्वीकार वगैरे. मी त्या वाचून स्वतःला मार्क देत बसायचे, अजून मी दुसऱ्याच पायरीवर कशी काय. मग कळलं की एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मानसोपचार डॉक्टर बाईंनी १९६९ मध्ये ते मांडलं ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागं राहिलेल्या आईबापाचं ते टाइमटेबल नव्हे. मला त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दुःखावर संशोधन करणाऱ्या दोघांचं पटलं, त्यांनी १९९९ मध्ये मांडलं की माणूस दुःखात जातो, बाहेर येऊन कामाला लागतो, परत दुःखात जातो, आणि हे जाणं-येणं म्हणजेच सावरणं. माझं माहेर वडगावचं, घरात माग होता. आडवा धागा नेणारा धोटा एकाच बाजूला अडकून बसला तर कापड कसं विणायचं, इकडून तिकडं गेलाच पाहिजे. म्हणून मी संध्याकाळी अर्धा तास ठरवला, फोटोसमोर बसायचं, रडायचं, त्याच्याशी भांडायचं पण, आणि सातला उठून कुकर लावायचा. पहिले दोन महिने कुकर जबरदस्तीनं लावला, लाज वाटायची भात कसला शिजवतेय म्हणून.

नवराबायकोचं रडणं सारखं नसतं हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आमचे हे दर रविवारी राजहंसगडावर जाऊन एकटेच बसायचे, घरात एक शब्द नाही, मला वाटायचं यांना काही वाटतच नाही, आणि त्यांना वाटायचं मी मुद्दाम त्यांच्यासमोर रडते. वर्षभरानं एका रविवारी मी पण गेले. आम्ही बोललो नाही, शेंगा खाल्ल्या आणि परत आलो. तिथून जरा सुटलं.

धाकटी तेव्हा नऊ वर्षांची. एकदम शहाण्यासारखी वागायला लागली, हट्ट नाही, भांडण नाही, आणि सगळे कौतुक करायचे. ते कौतुकाचं नाही हो, ती घाबरली होती. शाळेत बाईंना सांगून ठेवा, आणि तिचा वाढदिवस करा, हात कापत असले तरी केक कापा.

मुलं किती, हा प्रश्न लग्नात, बसमध्ये, सगळीकडे येतो. उत्तर आधीच ठरवून ठेवा. मी ओळखीत "दोन, थोरला आता नाही" म्हणते. रिक्षावाल्याला "एक" म्हटलं तर त्यात गद्दारी नाही, एवढी माफी स्वतःला द्या. "अजून एक आहे की" म्हणणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही.

आनंदाचं सांगते. दुसऱ्या वर्षी गणपतीत गल्लीतल्या काकांनी माइकवर आरतीत भलत्याच देवाची ओळ घातली आणि मी खळखळून हसले, आणि मग घरी येऊन बाथरूममध्ये तासभर रडले की मी हसलेच कशी. हे बहुतेक सगळ्यांना होतं. हसू आलं तर दाबू नका, रात्री फोटोसमोर त्यालाच सांगा काय झालं ते, त्याला असलं फार आवडायचं.

आणि त्याच्या नावानं काहीतरी करा, हे सगळे म्हणतात. आम्ही पहिल्या वर्षी रक्तदान शिबिर केलं, बॅनरवर त्याच्यापेक्षा पाहुण्यांचेच फोटो मोठे, दिवसभर चहा-नाश्ता बघण्यात गेला आणि रात्री घर अजून रिकामं. शिबिर वाईट नाही, खरं आम्हाला ते झेपलं नाही. मग एकदा समोरच्या घरातली पोरगी रडत होती, मराठी शाळेतली, कन्नड विषयात नापास व्हायची भीती. आमच्याची कन्नड व्याकरणाची वही होती, अक्षर सुंदर, मार्जिनमध्ये क्रिकेटचे स्कोअर. ती मी झेरॉक्स करून दिली. आता शनिवारी चार पोरं येतात, त्याच वहीवरून शिकतात, शिकवते धाकटी, मी चहा करते आणि हळूहळू कन्नड मीही शिकतेय. असलं छोटं, दर आठवड्याला होणारं, आणि त्याच्या वस्तूला धरून असलेलं काम बघा.

डॉक्टरकडे कधी जायचं? सहा महिने, वर्ष उलटूनही आंघोळ, जेवण, कामावर जाणं काहीच जमत नसेल, तर तो आळस नव्हे, २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत लांबलेल्या दुःखाला आजार म्हणून नाव आहे. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, इथून जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. आणि गेलेल्या लेकराकडे जावंसं वाटायला लागलं, मरणाचा विचार आला, तर वर्षाची वाट बघू नका, लगेच घरात सांगा आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, रात्री पण उचलतात, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. झोपेच्या गोळ्या दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका, आणि दारूचं मी काय सांगणार, तुम्ही बघताच की गल्लीत.

तारखा मात्र दरवर्षी येणार. पाऊस लागला की माझं अंग आधी ओळखतं, कॅलेंडर नंतर. म्हणून दोन दिवस आधीच ठरवून ठेवते कोण घरी असणार, सकाळी काय, दुपारी काय. त्याला कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई, आवडायचा. यंदा अर्धा किलो सांगून ठेवलाय, पाव किलो शनिवारच्या पोरांना आणि पाव किलो शेजारच्या अक्कांना, त्यांना शुगर आहे खरं त्या ऐकत नाहीत.