पुण्याच्या पेठा एका सकाळी पायी कशा पाहाव्यात

पाहुणे आले की त्यांना गाडीत घालून थेट शनिवारवाड्यावर न्यायचं, ही पुण्यातली जुनी चूक. अकराच्या सुमाराला पेठेत गाडी घातली की निम्मा वेळ पार्किंग शोधण्यात जातो. शिवाजी रस्ता एकदिशा स्वारगेटकडे, बाजीराव रस्ता एकदिशा उलट शनिवारवाड्याकडे. एक वळण हुकलं की सगळा वळसा पुन्हा. पेठा पायी पाहायच्या आणि सकाळी आठला सुरुवात करायची. खालची वाट चारेक किलोमीटरची आहे. रमतगमत बारापर्यंत संपते.

मेट्रोनं कसबा पेठ स्टेशनला उतरा. स्वारगेटहून मंडईनंतरचं हेच स्टेशन. पुणे रेल्वे स्टेशनहून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, तिथून पुढचंच स्टेशन कसबा पेठ. पायात झटकन निघणाऱ्या चपला हव्यात, कारण निदान चार ठिकाणी काढाव्या लागतात. फोनवरच्या नकाशात ‘पायी’ हा पर्याय निवडा, नाहीतर तो एकदिशा रस्त्यांच्या हिशेबानं दुप्पट चालवतो.

कसब्यात उतरलं तरी आधी पूर्वेला, नागझरीचा ओढा ओलांडून सोमवार पेठेत जायचं. त्रिशुंड गणपतीचं देऊळ तिथे आहे. विचारताना कमला नेहरू रुग्णालयाची खूण सांगा, म्हणजे लोक बरोबर वाट दाखवतात. निम्म्या पुणेकरांनी हे देऊळ पाहिलेलं नाही. सकाळभरात एकच ठिकाण पाहायला वेळ असेल, तर हेच पाहा.

बांधकाम 1754 साली सुरू झालं आणि 1770 मध्ये मूर्तीची स्थापना झाली. देऊळ काळ्या दगडाचं, वर शिखर नाही, त्यामुळे लांबून ते देऊळ वाटतच नाही. दर्शनी भिंतीपुढे किमान वीस मिनिटं थांबा. द्वारपाल, गजलक्ष्मी, हत्ती, माकडं पाहून झाली की गेंडा शोधा. साखळदंडानं जखडलेला गेंडा आणि त्याच्याभोवती बंदुका घेतलेले इंग्रज शिपाई, असा देखावा पेशवाईतल्या देवळावर कोरलेला आहे. बंगाल-आसामावर इंग्रजांनी बसवलेल्या पकडीचं हे चित्र, असा त्याचा अर्थ लावतात. काळ्या दगडावरचं कोरीवकाम समोरून सपाट दिसतं. फोनचा दिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरा, म्हणजे साखळीच्या कड्या उठून दिसतात. आत संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत. मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. खाली तळघरात समाधी आहे, पण तिथे पाणी असतं. ते उपसून गुरुपौर्णिमेला दर्शनासाठी उघडतात. एरवी आत सोडा म्हणून पुजाऱ्यांशी हुज्जत घालू नये.

परत कसब्यात फडके हौद चौकाकडे आलात की कानावर ठकठक पडायला लागते. ती तांबट आळी. नऊनंतर कामं सुरू झालेली असतात. तांब्याचं भांडं लोखंडी दांड्यावर चढवून हातोडीनं एकेक ठोका शेजारी शेजारी देत फिरवतात, त्याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि चकाकीही येते. भांडं उन्हात तिरपं धरून पाहा: हातकामात ठोके रांगेत असतात, पण दोन ठोक्यांमधलं अंतर कुठेतरी केसभर चुकतं. सगळे ठसे अगदी सारखे असतील तर ते साच्यातलं समजा. घेताना वजनाचा भाव आणि मजुरी वेगवेगळी विचारा. स्वयंपाकाला घेणार असाल तर आतून कल्हई आहे ना, ते आधी बघा. बिनकल्हईच्या तांब्यात चिंच, ताक, टोमॅटो घातलं की पदार्थ कळकतो. फोटो विचारून काढा, आणि हातोडी चालू असताना कारागिराशी बोलू नका. ठोका चुकला तर भांड्यावर खड्डा पडतो.

पुढे कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत. दर्शन लवकर होतं. लाल महाल जवळच आहे, पण आजची इमारत महापालिकेनं 1984 ते 1988 या काळात बांधलेली. शाहिस्तेखानाची बोटं तुटली तो वाडा हा नव्हे. दहा मिनिटं पुरतात.

शनिवारवाड्यात महाल बघायला जाल तर हिरमोड होईल. 1828 च्या आगीत आतलं सगळं जळालं, उरली आहेत ती जोती. म्हणून दिल्ली दरवाज्यालाच वेळ द्या: हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे, आत भिंतींवरची पुसट होत चाललेली चित्रं. मग जिना चढून तटावर फेरी मारा. वरून जोत्यांची मांडणी आणि हजारी कारंज्याचा कमळाकार हौद नीट कळतो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात.

तिथून शिवाजी रस्त्यानं दगडूशेठ गणपतीपर्यंत या. रांग मोठी असेल तर रस्त्यावरूनही मूर्ती दिसते. समोरच भिडे वाडा होता. 1848 साली जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. जुनी वास्तू स्मारकासाठी 2023 मध्ये पाडली. आता तांबड्या जोगेश्वरीवरून बाजीराव रस्त्याला लागा आणि विश्रामबागवाडा पलीकडच्या फुटपाथवरून पाहा. जवळ गेलं की सुरूच्या झाडासारखे घडवलेले सागवानी खांब एका नजरेत मावत नाहीत. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यात 1821 मध्ये इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली होती.

वाट विचारताना रस्त्याचं नाव सांगून फारसा उपयोग नाही. इथले पत्ते मारुतीवर चालतात: सोन्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती. कुठल्या मारुतीजवळ, एवढं माहीत असलं की काम झालं.

तुळशीबागेत अकराच्या आधी जाण्यात अर्थ नाही, दुकानं उघडलेली नसतात. गर्दीत पहिल्या गाळ्यावर खरेदी करू नका, तोच माल आत स्वस्त मिळतो. पितळी भातुकली घेताना पोळपाट-लाटणं आणि कढईचा कान हलवून बघा, डाग, म्हणजे सांधलेला जोड, सैल असतो. बाजाराच्या पोटातच राममंदिर आहे. 1761 साली त्याचं काम सुरू झालं. तिथल्या फरशीवर पाच मिनिटं बसून पाय मोकळे करा.

मंडई दोन मिनिटांवर. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटणाऱ्या पाकळ्या, अशी 1886 ची ही इमारत. नगरपालिकेचे सभासद असताना जोतिरावांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, आणि आज नाव त्यांचंच आहे. भाजी घ्यायची असेल तर इथेच शेवटी घ्या, म्हणजे पिशवी घेऊन देवळं फिरावी लागत नाहीत. मंडई मेट्रो स्टेशन जवळच आहे. फक्त बाकरवडी किंवा पेढे न्यायचे असतील तर एकच्या आत आटपा. एक ते चार पेठेतली बरीच दुकानं अजूनही शटर ओढून घेतात आणि पाटी काही तुमच्यासाठी बदलत नाहीत.