नागपुरात मशीनवर पहिल्यांदा अंडी बसवताना

अंडी उबवायच्या मशीनमध्ये हीटर असतो, पंखा असतो. थंड करणारं काहीच नसतं. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बंद खोली ३८-४० अंशांवर गेली की हीटर बंद असूनही अंडी तापत राहतात. त्यात शेवटच्या आठवड्यात पिल्लाच्या अंगची ऊब वेगळी. म्हणून पहिली खेप ऑक्टोबर ते फेब्रुवारीत लावा. उन्हाळ्यात लावायचीच असेल तर कूलरच्या खोलीत, पण झोतासमोर नाही.

किराणा दुकानातली ट्रेची अंडी उपयोगाची नाहीत. पोल्ट्रीत कोंबडाच नसतो. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असलेल्या घरची, आठवड्याच्या आतली अंडी घ्या. (कडकनाथ कोंबडी काळी असते, अंडं नव्हे. काळं अंडं म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर पुढे चला.) अंडी धुऊ नका, धुतल्याने कवचावरचा थर जातो आणि जंतू आत शिरतात. टोकाची बाजू खाली करून १५-१८ अंशांत ठेवा. फ्रिजमध्ये गर्भ गारठतो, तर मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात तो अर्धवट वाढायला लागतो आणि मशीनमध्ये जाण्याआधीच मरतो.

मशीन एक दिवस आधी रिकामं चालवा. त्यावरचा आकडा खरा मानू नका. मगभर कोमट पाण्यात मशीनचा सेन्सर आणि ताप मोजायचा थर्मामीटर एकत्र बुडवून फरक लिहून ठेवा. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश, बिनपंख्याच्या मशीनला अंड्याच्या वरच्या पातळीवर ३८.५. थोडा वेळ गारवा चालतो, उष्णता नाही: ४० च्या वर काही तास गेले तर सगळी खेप जाऊ शकते. थंडीत लाइट गेली तर मशीनवर ब्लँकेट टाका, उन्हाळ्यात गेली तर झाकण किंचित उघडा.

अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल. रोज तीनदा किंवा पाचदा फिरवा. आकडा विषम हवा, म्हणजे लांबलचक रात्र दरवेळी त्याच कुशीवर जात नाही. न फिरवलेला गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो.

खरी गोम आर्द्रतेत आहे. पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत एक वाटी पाणी पुरत नाही आणि ती खोल करून फायदा नाही. पाण्याचा पसरटपणा वाढवा, म्हणजे दुसरी बशी ठेवा किंवा पाण्यात स्पंजचा तुकडा. पावसाळ्यात उलट, बशी बऱ्याचदा रिकामीच बरी. अंदाज नको, वजन करा. ५०० ग्रॅमची दहा अंडी सातव्या दिवशी साधारण ४७५ आणि अठराव्या दिवशी ४३० ते ४४० ग्रॅम भरली पाहिजेत. वजन भराभर उतरलं तर पाणी वाढवा, उतरतच नसेल तर कमी करा.

सातव्या रात्री अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या रुंद बाजूला टेकवा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मधे ठिपका म्हणजे जिवंत. रक्ताचं नुसतं कडं म्हणजे मेलेलं. स्वच्छ पिवळं म्हणजे फळलंच नाही. मेलेली अंडी लगेच काढा, सडून फुटली तर बाकीचीही बिघडतात.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५-७०, खाली खडबडीत कापड. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. रविवारी संध्याकाळी बसवली असतील तर त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे एकविसाव्या दिवशी फुटतील. पहिली चोच बाहेर आल्यावर पिल्लू बारा ते चोवीस तास नुसतं पडून राहतं. इथेच हात शिवशिवतात. झाकण उघडलं की ओलावा जातो, पापुद्रा वाळून पिल्लाला आवळतो. पोटात बलक असतो, दिवसभर दाणापाणी नसलं तरी बिघडत नाही. अंग कोरडं झाल्यावरच काढा आणि ३५ अंशांच्या उबेत ठेवा.

तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी घराबाहेर फोडून पाहा. पिल्लू पूर्ण वाढलेलं, सुजलेलं, पाणचट असेल तर ओलावा जास्त झाला. वाळून कवचाला चिकटलं असेल तर कमी पडला. बरीच अंडी पहिल्याच आठवड्यात मेलेली असतील, तर आधी अंडी कुठे साठवली होती ते बघा, मशीन नंतर.