कुत्रा कुंपणाखालून माती उकरतो? या चुका टाळा

नागपुरात बेसा, हुडकेश्वर किंवा कोराडी रोडकडच्या नव्या लेआउटमध्ये घराला अंगण असतं, पण पक्की भिंत बरेचदा एकाच बाजूला. बाकी खांबांना ताणलेली जाळी. कुत्र्याला तेवढं पुरतं. सकाळी खड्डा बुजवला की संध्याकाळी स्वारी बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर हजर. लोक चुकतात ते इथेच. खड्डा बुजवत राहतात. तो नेमका कुठे आणि कधी उकरला जातो, याकडे लक्ष देत नाहीत. उपाय मात्र त्यावरच ठरतो.

खड्डा भिंतीच्या सावलीत किंवा कूलरचं पाणी गळतं त्या ओलीत असेल आणि भर दुपारी उकरलेला असेल, तर त्याला पळायचं नाही, त्याला उकडतंय. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि खालची माती वरच्यापेक्षा बरीच गार असते. यासाठी त्याला रागावणं हा निव्वळ अन्याय आहे. दुपारी घरात घ्या, पाणी भरून ठेवा. हस्कीसारखा दाट केसांचा कुत्रा असेल तर उन्हाळ्यात त्याला दिवसा अंगणात सोडूच नका.

एकाच ठिकाणी नाक खुपसून, फुरफुरत उकरत असेल तर खाली घूस आहे का बघा. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसतो. इथे विषाच्या वड्या टाकू नका. कुत्रा त्या वड्या खाऊ शकतो, विष खाल्लेली घूसही खाऊ शकतो, आणि दोन्ही त्याच्या जिवावर बेततं. पिंजरा लावा.

तुम्ही ऑफिसला गेल्यावरच खड्डा पडत असेल तर तो कंटाळलाय. सकाळी चांगलं फिरवून आणा. नर असेल आणि आसपास कुत्री माजावर असेल तर मात्र फिरवून भागत नाही. निर्बीजीकरणाबद्दल पशुवैद्यांशी बोला.

आता कुंपणाकडे वळू. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. त्यामुळे जाळीखाली फट आपोआप पडते आणि कुत्रा ती फक्त मोठी करतो. त्याच मातीने खड्डा बुजवला की पहिल्या पावसात ती लोण्यासारखी मऊ होते. चार बोटं जाडीची काँक्रीटची पट्टी ओतली तर मातीच्या हालचालीने तीही तडकते. खड्ड्यात मुरूम आणि गिट्टी भरून धुमसाने ठोका.

खरा टिकाऊ उपाय म्हणजे आडवी जाळी. तीन फूट रुंदीची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या तारांची वेल्डिंग केलेली जाळी, घ्या. एक फूट कुंपणाला उभी लावून बाइंडिंग तारेने बांधा, उरलेली दोन फूट काटकोनात वळवून अंगणाच्या बाजूला जमिनीवर अंथरा. बाहेरच्या बाजूला अंथरली तर आतून उकरणाऱ्याला तिचा काहीच अडथळा होत नाही, आणि ही चूक फार जण करतात. कुत्रा कुंपणाच्या अगदी बुडाशीच उकरतो. पंज्याला जाळी लागली की तिथेच जोर लावतो, दोन फूट मागे सरकून सुरुवात करायची हे सहसा त्याला सुचत नाही. जाळीची कापलेली टोकं खाली वळवा, नाहीतर पंजे फाटतात. वरून दोन-तीन इंच माती आणि काही जड दगड. हे काम पहिल्या सरींनंतर काढा. मेमध्ये सब्बलही (पहारही) जमिनीत शिरत नाही. गेटखाली जाळी अंथरता येत नाही, तिथे फरशी बसवा.

खड्ड्यात फिनेल, तिखट किंवा डांबराच्या गोळ्या टाकू नका. डांबराच्या गोळ्या कुत्र्यासाठी विषारी आहेत, आणि तिखट नाका-डोळ्यांत जातं. संध्याकाळी घरी आल्यावर खड्डा दाखवून मारण्यानेही काही साधत नाही. दुपारच्या उकरण्याशी त्या माराचा संबंध त्याला लागत नाही. तो फक्त तुम्हाला घाबरायला लागतो. उकरताना दिसला तर हाक मारा, दुसरीकडे न्या.

उकरण्याची हौस जातीतच असेल, डाशहुंडसारखी, तर ती बंद करायच्या मागे लागू नका. सावलीत एक कोपरा द्या, दोन-तीन घमेली रेती टाका, तिच्यात खेळणं नाहीतर बिस्कीट पुरा आणि पहिल्यांदा स्वतः उकरून दाखवा.

कुंपणाचं काम होईपर्यंत गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर असू द्या आणि रेबीजची लस चुकवू नका. बाहेर पडल्यावर गल्लीतल्या कुत्र्यांशी गाठ पडतेच. घरी आला की मानेवर, पायांवर केस बाजूला सारून चाव्याच्या खुणा बघा. काही दिसलं तर हातमोजे घालून जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी त्याला पशुवैद्यांकडे न्या.