एचआयव्ही चाचणी आणि जनजागृती मोहिमेचे मूल्यमापन कसे करावे

जागतिक एड्स दिनाच्या, म्हणजे १ डिसेंबरच्या, आगेमागे मुंबईत वस्त्यावस्त्यांतून चाचणी शिबिरे भरतात, रेल्वे स्थानकांबाहेर पथनाट्ये होतात आणि महिनाअखेरीस शिबिरे, चाचण्या व वाटलेली पत्रके यांची संख्या देणारा अहवाल तयार होतो. त्या अहवालावरून कार्यकर्ते किती राबले हे समजते. मोहिमेचा उपयोग कोणाला झाला हे समजत नाही. म्हणून मूल्यमापनाची सुरुवात शिबिरापासून न करता उपचाराच्या टोकापासून करावी, असे माझे मत आहे. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या केंद्रात, त्या काळात नव्याने नोंदवलेल्या व्यक्तींपैकी किती जण या मोहिमेमार्फत आले आणि त्यांतील किती जणांना आपल्या संसर्गाची आधी कल्पना नव्हती, हे दोन प्रश्न प्रथम लिहून ठेवावेत आणि बाकीची माहिती त्यांच्या अनुषंगाने गोळा करावी.

त्यासाठी चाचणीची साखळी नीट माहीत हवी. वस्तीत बोटातून रक्ताचा थेंब घेऊन होते ती केवळ प्राथमिक तपासणी असते. तिच्यात प्रतिक्रिया, म्हणजे संसर्गाची शक्यता, दिसली की त्या व्यक्तीला आयसीटीसीत, म्हणजे शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रात, पाठवले जाते आणि तिथे वेगवेगळ्या प्रकारच्या तीन चाचण्यांनंतरच निदान पक्के मानले जाते. पुढे एआरटी केंद्रात नोंदणी, औषधे सुरू होणे आणि काही महिन्यांनी विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, तपासणे असे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्यावर किती माणसे गळाली, हे त्याच गटाचा माग ठेवून मोजावे. डिसेंबरमध्ये तपासलेल्यांची संख्या आणि डिसेंबरमध्ये नोंदणी झालेल्यांची संख्या शेजारी मांडली तर ती दोन वेगळ्या गटांची तुलना ठरते, आणि ही चूक अहवालांमध्ये सर्रास आढळते.

प्राथमिक तपासणीचा आकडा ‘बाधित’ या मथळ्याखाली छापणे ही दुसरी गल्लत. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, तेव्हा १०,००० सर्वसामान्य लोकांत सुमारे २० जण बाधित असतील. वापरलेल्या चाचणीची विशिष्टता, म्हणजे संसर्ग नसलेल्याला तसेच दाखवण्याची क्षमता, ९९.५ टक्के आहे असे उदाहरणादाखल धरले, तर उरलेल्या ९,९८० निरोगी लोकांपैकी सुमारे ५० जणांची चाचणीही प्रतिक्रिया दाखवेल. म्हणजे प्रतिक्रिया दिसलेल्या ७० जणांपैकी ५० जणांना संसर्ग नसेल. उलट, नुकताच संसर्ग झालेल्या व्यक्तीची चाचणी खिडकी काळात, म्हणजे प्रतिपिंडे पुरेशी तयार होण्याआधी, नकारात्मक येऊ शकते. तिला तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यायला सांगितले होते का, याची नोंद पाहावी.

यानंतर ‘नवे’ कोण, हे ठरवावे. आधीच निदान झालेली, कधी उपचार सोडून दिलेली व्यक्तीही शिबिरात पुन्हा चाचणी करून घेते. शेजाऱ्यांसमोर नकार देणे तिला अवघड वाटते, किंवा निदान चुकीचे ठरेल अशी आशा असते. अशी व्यक्ती पुन्हा उपचारावर आली तर तो मोहिमेचा खरा लाभ आहे, पण तो वेगळ्या रकान्यात दाखवावा. त्याचप्रमाणे देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष यांची ठरावीक काळाने फेरचाचणी होणे अपेक्षितच असते, त्यामुळे तिला टार्गेट भरण्यासाठी केलेली पुनरावृत्ती समजू नये. आयुष्यात प्रथमच चाचणी करणारे किती, हा आकडा मात्र प्रत्येक गटासाठी स्वतंत्र हवा.

तपासलेल्यांमधील बाधितांचे प्रमाण दरवर्षी घटत असेल तर मोहीम फसली की यशस्वी झाली, यावर बैठकांतून बरेच वाद होतात. निदान न झालेले लोक कमी होत गेले तरी प्रमाण घटते, आणि मोहीम चुकीच्या, सोप्या ठिकाणी फिरत राहिली तरीही घटते. हा गुंता सोडवायला निदानाच्या वेळची सीडी-४ पेशींची, म्हणजे एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या रोगप्रतिकारक पेशींची, संख्या उपयोगी पडते. ती रक्ताच्या दर घनमिलिमीटरमागे २०० च्या खाली असेल तर आजार बराच पुढे गेलेला असतो. मोहिमेतून आलेल्यांमध्ये असे रुग्ण कमी आणि रुग्णालयातून थेट आलेल्यांमध्ये जास्त असतील, तर मोहीम माणसांना लवकर गाठते आहे असे म्हणता येते. माझ्या दृष्टीने सगळ्या निर्देशकांत हा सर्वांत कमी फसवणारा आहे.

कागदांइतकेच शिबिर प्रत्यक्ष पाहणेही आवश्यक आहे. सकाळी सातच्या सुमारास मजूर नाक्यावर उभे राहिले तर दिसते की टेबलापुढे रांग लागते, बोटाला सुई टोचली जाते, आणि निकालाची पंधरा-वीस मिनिटे भरण्याआधीच ठेकेदाराचा टेम्पो येतो व निम्मी रांग त्यात चढून निघून जाते. नोंदवहीत त्या चाचण्या पूर्ण झालेल्या असतात. निकाल माणसाच्या हाती पडलेला नसतो. म्हणून ‘चाचणी झाली’ आणि ‘निकाल समजावून सांगितला’ हे दोन आकडे वेगवेगळे मागावेत. दोन तासांत एका समुपदेशकाने साठ जणांची नोंद केली असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला चाचणीपूर्वीचे आणि नंतरचे समुपदेशन धरून दोन मिनिटे येतात. त्या दोन मिनिटांत संमती कशी घेतली गेली, हे विचारायला संकोच करू नये. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी त्याला मान्य नाही.

त्याच कायद्यामुळे मूल्यमापकाच्या हाती नावांची यादी येता कामा नये. सांकेतिक क्रमांक, वयोगट, लिंग, चाचणीचे ठिकाण आणि तारखा एवढ्यावर वरील जवळपास सर्व हिशेब करता येतात. मुलाखतीसाठी कोणाच्याही घरी जाऊ नये.

मोहिमेमुळे काय घडले आणि एरवी काय घडलेच असते, हे वेगळे करणे सर्वांत कठीण. डिसेंबरची नोव्हेंबरशी तुलना करू नये, कारण १ डिसेंबरमुळे चाचण्या तशाही वाढतात. मागील वर्षांच्या त्याच आठवड्यांशी करावी, आणि होळी, मे महिना किंवा दिवाळी-छठच्या काळात स्थलांतरित कामगार गावी जातात हे ध्यानात ठेवावे. मोहीम टप्प्याटप्प्याने राबवायची असेल तर कोणते वॉर्ड आधी घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे उरलेले वॉर्ड तुलनेसाठी मिळतात. मुंबईत मात्र एक खास अडचण आहे. गोवंडीत पथनाट्य पाहिलेला माणूस ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून लोकल पकडून दूरच्या केंद्रात चाचणी करून येतो. केंद्राच्या पत्त्यावरून हिशेब केला तर गोवंडीचे श्रेय दुसऱ्याच वॉर्डाला जाते. तेव्हा राहत्या भागाचा पिनकोड आणि ‘चाचणीबद्दल कोठे कळले’ हा प्रश्न, दोन्ही नोंदवून घ्यावेत. वस्तीही बदलते: कामाठीपुऱ्यातील कुंटणखाने कमी झाले आणि व्यवसाय लॉज, बार व मोबाइलवर विखुरला, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या नकाशावर आखलेला नमुना आज अपुरा पडतो. अशा विखुरलेल्या गटांसाठी ठिकाण व वेळ यांच्या जोड्या करून नमुना निवडावा किंवा एका सहभागीकडून पुढच्याकडे जाणारी साखळी वापरावी.

जनजागृती तपासताना ‘एड्स माहीत आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे; जवळजवळ सगळे होय म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सर्वंकष ज्ञानाची कसोटी कठोर आहे: निरोधचा नियमित वापर आणि एकच, असंसर्गित जोडीदार यांमुळे धोका घटतो हे माहीत असणे, निरोगी दिसणारी व्यक्तीही बाधित असू शकते हे ठाऊक असणे आणि दोन रूढ गैरसमज नाकारणे. २०१९-२१ च्या फेरीत देशातील २१.६ टक्के स्त्रिया आणि ३०.७ टक्के पुरुषच या कसोटीला उतरले. तेच प्रश्न वापरावेत, म्हणजे तुलना करता येते, आणि नियमित औषधोपचाराने विषाणूभार मोजता न येण्याइतका खाली आल्यास लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, यावरचा एक प्रश्न जोडावा. जुन्या पाहण्यांशी तुलना करताना एक सावधगिरी बाळगावी. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून वगळले, तेव्हा त्याआधीची आणि नंतरची उत्तरे सारख्याच मोकळेपणाने दिलेली असतील असे धरून चालता येत नाही.

खर्चाचा हिशेब दर चाचणीमागे न काढता उपचार सुरू झालेल्या दर नव्या व्यक्तीमागे काढावा आणि त्यात आउटरीच वर्करचा, म्हणजे वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा, पाठपुराव्याचा वेळ धरावा. हा आकडा मोठा दिसतो, म्हणून तो बहुधा टाळला जातो.

अहवालाचा मसुदा अधिकाऱ्यांकडे पाठवण्यापूर्वी पीअर एज्युकेटरांच्या, म्हणजे त्याच समूहांतून आलेल्या प्रबोधकांच्या, बैठकीत मराठीत व हिंदीत वाचून दाखवावा. एखादे शिबिर आकड्यांत निकामी ठरत असेल आणि तेथील कार्यकर्त्यांचे म्हणणे वेगळे असेल, तर त्यांची हरकत अहवालात जशीच्या तशी नोंदवावी व ते शिबिर बंद करण्याची शिफारस सहा महिन्यांच्या विषाणूभाराचे निकाल येईपर्यंत थांबवावी.