स्टीलचा आलेख रोज सरकतोय? आधी रेफरन्स इलेक्ट्रोड तपासा

तेच स्टेनलेस स्टील, तेच मिठाचं पाणी, तरी व्होल्टामेट्रीत (विभव म्हणजे व्होल्टेज हळूहळू बदलत प्रवाह मोजताना) स्टीलवर खड्डे पडायला लागण्याचं विभव रोज वेगळं येतं. ज्याच्या तुलनेत हे विभव मोजतो तो रेफरन्स इलेक्ट्रोडच सरकलेला असू शकतो. म्हणून नमुना पुन्हा घासत बसण्याआधी हे दोन मिनिटांचं काम करा.

१. सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराईडचा एक नवा इलेक्ट्रोड ‘मास्टर’ म्हणून बाजूला ठेवा. तो प्रयोगात कधीच वापरायचा नाही. हा नियम फार कडक पाळा, सगळी भिस्त त्याच्यावरच आहे.
२. मास्टर आणि रोजचा, दोन्ही एकाच बीकरमध्ये ३ मोलर पोटॅशियम क्लोराईडमध्ये बुडवा.
३. साध्या डिजिटल मल्टिमीटरने, मिलिव्होल्टवर, दोघांतला फरक मोजा.

३ मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त राहा. ५ च्या वर गेला तर आतलं द्रावण बदला आणि टोकाशी हवेचा बुडबुडा अडकलाय का बघा. बहुतेक वेळा तिथेच दोष सापडतो. तरीही फरक राहिला तर टोकाची सच्छिद्र चकती बदला.

दोन्हींमधलं द्रावण मात्र एकाच तीव्रतेचं हवं. ३ मोलर आणि संपृक्त यांत मुळातच १० मिलिव्होल्टच्या वर फरक असतो. आणि इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका, आतलं द्रावण पातळ होत जातं.